चेकरमामांचा खडू

गेल्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी एका बैठकीत पाच डोमेन नावं विकत घेतली आणि आपल्या वेबसाइट सुरू झाल्या असं समजून सोसायटीत पेढे वाटले. पेढे संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही. मग खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "सर, तुमच्या मसाल्याच्या साइटवर रमीची जाहिरात कशी हो?" तेव्हा मला कळलं, की नाव विकत घेतलं म्हणजे नुसतं नाव मिळतं. त्यामागे दाखवायला काही ठेवायचं असेल तर इंटरनेटवर वेगळी जागा भाड्याने घ्यावी लागते, तिला होस्टिंग म्हणतात, आणि ती घेईपर्यंत त्या रिकाम्या पानावर कोणीही येऊन बसतं. पंचवीस वर्षं मी मुलांना 'प्रश्न नीट वाचून मग उत्तर लिहा' असं सांगत आलोय.

मसाला माझ्या बायकोचा. सुनंदा इथे गुजराती मुलखात, डिंडोलीतल्या आमच्या घरी खान्देशी काळा मसाला करते आणि त्याला तिने आपल्या आईचं नाव दिलंय, 'कौसाबाईचा काळा मसाला'. माझ्या शब्दावर विसंबून तिने सगळ्या पाकिटांवर वेबसाइटचा पत्ता छापून घेतला होता. आठ दिवसांवर उधन्याला बचत गटांचं प्रदर्शन होतं. म्हणजे तिथे बायका पाकीट घेणार, घरी जाऊन फोनवर पत्ता टाकणार आणि माझ्या दिवंगत सासूबाईंच्या नावाखाली पत्ते पिसणारा माणूस बघणार. सुनंदाने थेट मामांना फोन केला. ते भांडणापेक्षा वाईट होतं.

मामा म्हणजे सासूबाईंचे धाकटे भाऊ. सगळी डिंडोली त्यांना चेकरमामा म्हणायची. पलसाण्याच्या एका कापडाच्या प्रोसेस हाउसमध्ये त्यांनी हयात घालवली. रंगवून आलेला ताका, म्हणजे कापडाची अख्खी गुंडाळी, दिव्याच्या टेबलावरून ओढत न्यायचा आणि जिथे डाग दिसेल तिथे निळ्या खडूने फुली मारायची, हे त्यांचं काम. निवृत्त झाले, पण खडू खिशातच राहिला. आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीला ते जेवायच्या आधी सगळ्या भिंती बघून आले आणि गिलाव्यावर अकरा फुल्या मारून पंगतीला बसले. लग्नाचं आमंत्रण घेऊन कोणी आलं, की पत्रिकेतली चूक सापडेपर्यंत त्याला चहा मिळत नसे. चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती त्यांच्याकडे. बिनडागाच्या कापडाला चेकर फक्त "पुढे" म्हणतो, तसं आवडलेल्या भाजीलाही मामा "पुढे" म्हणायचे आणि वाटी सरकवायचे.

मी भाचेजावई. त्यामुळे माझ्याशी बोलताना मान राखणं त्यांना भाग होतं, आणि तो मान ते असा राखत की त्यापेक्षा शिवी परवडली असती. रागावले की अहिराणीत शिरत. त्या दिवशी दारातूनच म्हणाले, "हाई काय शे, जवाईबापू?"

मी डोमेन म्हणजे काय ते समजावायला लागलो. मामांनी हात वर केला. "चिठ्ठी लावली. ताका कुठंय?"

"तोच आता घ्यायचाय."

"पाच चिठ्ठ्या कसाले?"

मी यादी वाचली. एक मसाल्याचं. एक आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. एक सोसायटीचं. एक मुलाच्या लग्नाचं.

"त्याचं ठरलं?"

"नाही अजून. पण नाव हातचं जायला नको म्हणून."

"आणि पाचवं?"

पाचवं माझ्या चिंतनपर लेखांसाठी होतं. मामांनी खडू काढला आणि माझ्या लॅपटॉपच्या झाकणावर एक भली मोठी फुली मारली.

दुसऱ्या दिवशी होस्टिंग विकणारा एक तरुण घरी आला. बूट चकचकीत, बोलणं गुजराती-हिंदीत तळलेलं. "अंकल, अनलिमिटेड जगह! अनलिमिटेड स्पीड! पहला साल तो समझो मफत." मी लगेच विरघळलो. पाच नावं म्हणजे पाच प्लॅन घ्यावे लागतील, असं तो म्हणाला तेव्हाही मी मान हलवत होतो. मामा दारापाशी बसून सुपारी कातरत होते. त्यांनी आयुष्यात माउसला हात लावला नव्हता. ते म्हणाले, "जो मोजून देत नाही, तो कमी देतो. आमच्या मिलमध्ये पाणीसुद्धा अनलिमिटेड नव्हतं, आणि नदी शेजारून वाहायची."

मग त्यांनी त्याला उलगडायला सुरुवात केली. "ताक्याचं पहिलं मीटर सगळ्यांचंच चांगलं असतं, भाई. आतलं दाखव. दुसऱ्या वर्षी काय घेणार?" तरुणाने आकडा सांगितला. तो ऐकून माझा चहा नाकात गेला. "एकाच जागेत पाचही नावं का बसत नाहीत? पाच माणसांच्या घरात पाच चुली असतात का?" बसतात, असं निघालं; फक्त त्या प्लॅनचं नाव त्याने घेतलं नव्हतं. "आणि उद्या तुझ्याशी पटलं नाही तर आमचा माल गाडीत भरून नेऊ देशील का?" यावर तो, "अंकल, आप तो डर गये," असं म्हणून हसला. मामा हसले नाहीत. "नावं कोणाच्या नावावर ठेवणार?" तरुण म्हणाला, "हमारे अकाउंट में, सर को टेन्शन नहीं." मामांनी त्याच्या रंगीत पत्रकावर फुली मारली आणि ते घडी करून त्याच्याच खिशात ठेवलं.

तो गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. "तुम्ही काय विचारलं असतं, जावईबापू?"

"सर्व्हर कुठे आहे, ते."

"आणि कळून काय केलं असतं? भेटायला गेला असतात?"

पुढचे तीन दिवस मी कंपन्यांची नावं वाचत होतो आणि मामा ती खोडत होते. शेवटी तीन उरल्या. त्या तिन्हींसाठी मामांची एकच परीक्षा होती. "संध्याकाळी सातला फोन करा. पाळी बदलते तेव्हाच माल बिघडतो. तेव्हा जो उचलेल तो खरा." एका कंपनीने वीस मिनिटं बासरी ऐकवली. दुसरीकडचा यंत्रावरचा आवाज माझ्या हिंदीला 'अमान्य पर्याय' म्हणाला. तिसरीकडे एका दमलेल्या मुलीने उचललं, माझे अडाणी प्रश्न ऐकून घेतले आणि मोजून सांगितलं: इतकी जागा, इतकी नावं, दुसऱ्या वर्षी इतकं, नावं तुमच्याच खात्यावर, जायचं असेल तेव्हा सगळं उतरवून घ्या. मामा म्हणाले, "पुढे."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी साइट उघडली. मी अभिमानाने फोन मामांच्या हातात दिला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता. फोन अगदी नाकाशी धरून ते अंगठ्याने पान वर सारू लागले, सावकाश, एका लयीत, टेबलावरून ताका ओढावा तसं. मसाल्याचा फोटो, पुढे. पत्ता, पुढे. सासूबाईंच्या फोटोपाशी अंगठा थांबला. मला वाटलं, बहिणीच्या आठवणीने भरून आलं असेल.

"कौसाबाईची नथ उजव्या नाकपुडीत कशी?"

भिंतीवरच्या तसबिरीचा फोटो मी फोनच्या सेल्फी कॅमेऱ्याने काढला होता. सासूबाई आरशातल्यासारख्या उलट्या उमटल्या होत्या. घरातल्या कोणाच्या लक्षात आलं नव्हतं; त्यांच्या मुलीच्याही नाही. मी फोटो सुलटा केला. मामांनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं, फोन माझ्या हातात दिला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "पुढे." सुनंदा उठून स्वयंपाकघरात गेली. प्रदर्शनात पाकिटं दुपारीच संपली.

यंदा पावसाळ्याच्या तोंडाशी मामा गावी मुलीकडे राहायला गेले. दुसरा डोळाही गेला होता. बसपाशी मी पाया पडलो. त्यांनी चाचपडत माझा दंड धरला, खिशातून खडूचा उरलेला तुकडा काढला आणि माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर ठसठशीत फुली मारली. इतक्या वर्षांत माझ्या भिंती, माझा लॅपटॉप, माझी अक्कल, सगळ्यावर फुल्या मारल्या होत्या; पण जावयाच्या अंगावर खडू कधी नेला नव्हता. सगळी बस बघत होती. मी घरी आलो आणि सदरा तसाच कपाटात टांगला.

दिवाळीआधी मामा गेल्याचा फोन आला. दहाव्याहून परतल्यावर सुनंदाने कपाट उघडलं आणि तो सदरा काढला. मी म्हणालो, "बघ, जाता जाता माझा निकाल लावून गेले तुझे मामा. खराब माल."

तिने बाहीवरून बोट फिरवलं. "टाकाऊ मालावर मामा खडू झिजवत नसत. तो चेकर बघतसुद्धा नाही, थेट चिंध्यांत जातो. फुली मारतात ती परत धुऊन, रंगवून आणायच्या मालावर. अजून होण्यासारखं आहे, असं म्हणायचं होतं त्यांना." मग सदरा बादलीकडे नेता नेता तिने विचारलं, "चिंतनाच्या त्या पाचव्या नावाचे पैसे यंदाही भरलेत ना तुम्ही?"