दोन घरं सोडून लावलेली स्कूटर

“चालो, हे धरा. हात रिकामा नको.”

मयताच्या घरात शिरल्याबरोबर गुरुजी समोर दिसेल त्याच्या हातात काहीतरी देत. तांब्या, काडेपेटी, दर्भाची जुडी. काहीच नसलं तर स्वतःची छत्री. मोठ्याने रडणाऱ्याला जड वस्तू मिळे. डहाणूच्या एका व्यापाऱ्याच्या जावयाला त्यांनी अख्खा विधीभर भरलेली कळशी धरायला लावली होती. तुमच्याही गावात असा एखादा माणूस असेल. लग्नामुंजीला त्याला कुणी बोलावत नाही आणि शेवटी त्याच्यावाचून कुणाचं भागत नाही.

त्यांची निळी स्कूटर सगळ्या तालुक्याला ठाऊक होती. ती ज्या दारात उभी राहील, तिथे अर्ध्या तासात शेजारी पांढरे कपडे घालून जमत. म्हणून आमच्याकडे चहाला येताना ते ती दोन घरं सोडून चिंचेखाली लावत आणि चालत येत. म्हणत, “उगाच लोकांना आंघोळी कशाला?”

आमच्याकडे चहाची खात्री असे, कारण घरी कुणीतरी असेच. कायम. त्याचं कारण दादा.

घरची चिकूची वाडी असताना माझ्या या थोरल्या भावाला समुद्राचं वेड. मित्राच्या बोटीवरून चिंचणीहून गेला, वाऱ्यात बोट उलटली. बाकीचे किनाऱ्याला लागले, तो लागला नाही. आई म्हणाली, “त्याला पोहता येतं.” तेव्हापासून आमचं पुढचं दार बंद झालं नाही आणि घर कधी एकटं राहिलं नाही. तो आला आणि दाराला कुलूप दिसलं तर?

मग पाळ्या लागल्या. माझ्या लग्नात मामा घरी थांबला. त्याचं जेवण डब्यातून गेलं, आणि ते गार होतं हे तो अजून ऐकवतो. मुलीच्या गॅदरिंगला एक तर मी, नाहीतर बायको. ती एकदा म्हणाली, “आपण नवराबायको आहोत की वॉचमन?” मी दिवसपाळीचा, असं म्हणून मी विनोद केला. ती हसली नाही.

उघड्या दारातून डास येत, कुत्री येत, एकदा शेजारची शेळी येऊन देवापुढची फुलं खाऊन गेली. पलीकडच्या देशाच्या तुरुंगातून मच्छीमार सुटल्याची बातमी आली की आई टीव्हीला नाक लावून एकेक चेहरा बघे. दादाचा फोटो भिंतीवर लावता येत नव्हता, कारण मग हार घालावा लागला असता. तो कपाटात, साड्यांखाली. रडावं तर अभद्र, हसावं तर निलाजरेपणा. दार सताड उघडं आणि आम्ही सगळे आत कोंडलेले.

बारा वर्षं वाट पाहून झाली की न सापडलेल्या माणसाचाही विधी करता येतो, हे गुरुजींना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आईलाही होतं. पण ते येत, चहा पीत, चिकूच्या भावाबद्दल बोलत आणि जात. बारा वर्षं भरली तेव्हा मी एकदा फाटकाशी त्यांना गाठलं.

“तुम्ही तरी विषय काढा ना.”

“अरे, मी विषय काढला की माणूस मेलंच,” ते म्हणाले. “वहिनींना, तुझ्या आईला, म्हणू दे.”

आणखी दोन पावसाळे गेले. एका दुपारी ते नेहमीसारखे चिंचेखालून चालत आले. आई ओट्यावर चिकू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “गुरुजी, गाडी तिथे कशाला लावता? दारात लावा.”

गुरुजी पायरीवरच थांबले. मागे फिरले आणि स्कूटर सुरू न करता, ढकलत आमच्या दारात घेऊन आले. अर्ध्या तासात शेजारी पांढरे कपडे घालून जमले. चौदा वर्षं उशिरा, पण आले.

विधीच्या दिवशी गुरुजींनी झरीहून पळसाची पानं आणली. देह नसला की पानांचा आणि दर्भाचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्यालाच अग्नी देतात. त्यांनी चटईवर तो मांडायला घेतला. आई आतल्या दारातून बघत होती.

“एवढासा?” ती म्हणाली. “माझा उंच होता.”

मामाने डोळे वटारले. बायकांनी पुढे यायचं नसतं. गुरुजींनी पानांची जुडी तिच्यापुढे धरली. “चालो, तुम्हीच करा. हात रिकामा नको.”

आई बसली. तिने गुडघे लावले, पोटऱ्या लावल्या. पाय चटईच्या बाहेर गेले. मामाच मोठी चटई आणायला उठला, तर ती म्हणाली, “राहू दे. झोपला की बाहेरच असायचे त्याचे पाय.” आणि हसली. मग त्या पानांच्या पायांवर तिने डोकं टेकलं, आणि इतकी वर्षं आम्हाला ज्याची भीती वाटत होती ते रडणं एकदाचं आलं. गुरुजी मंत्र थांबवून बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी तिलाच विचारलं, “आता नेऊ का?” तिने मान हलवली.

मंत्रातलं मला एक अक्षर कळलं नाही. किनाऱ्यावर पानं भराभर जळाली. माझ्या हातात गुरुजींनी दिलेला तांब्या होता, आणि समुद्राकडे बघूनसुद्धा मी कुणाची वाट बघत नव्हतो.

संध्याकाळी आईने दार लोटलं. कडी गंजून बसली होती. मी खोबरेल तेल घेऊन धावलो आणि ती सरकवताना स्वतःचंच बोट चिमटून घेतलं.

गेल्या वर्षी गुरुजी गेले. आई, बायको, मुलगी आणि मी, सगळे एकदम निघालो. घरात कुलूपच नव्हतं, ते मी निघण्याआधी बाजारातून आणलं. आईने स्वतः लावलं आणि दोनदा ओढून पाहिलं.

वाणगावला त्यांच्या दारात निळी स्कूटर उभी होती. लोक पांढऱ्या कपड्यांत जमले होते. दुसरे कुणी गुरुजी आले होते, मंत्र स्पष्ट आणि चांगले म्हणत होते. पण कुणाच्या हातात काही नव्हतं. मी भिंतीला टेकून उभा होतो. हातांचं काय करावं ते कळत नव्हतं.

आई शेजारी येऊन उभी राहिली. मूठ उघडून तिने घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“धर,” ती म्हणाली.