लादीची भरती

तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं आणि तिथेच राहिलं. बर्फाच्या कारखान्यात कामाला लागली त्याच आठवड्यात एक लादी उतरणीवरून निसटली आणि थेट क्रेनवाल्या काकांच्या पायांकडे निघाली. हिने मागचापुढचा विचार न करता मध्ये पाय घातला. लादी तिच्या मांडीला थडकून थांबली. मांडी पुढे बरेच दिवस काळीनिळी होती. काका म्हणाले, "ही पोर आहे की लादी?" झालं. तेव्हापासून कारखान्यात लादी, गल्लीत लादी, आणि हळूहळू आईच्या तोंडीही तेच बसलं.

नोकरी खरं म्हणजे बाबांची. खाऱ्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडायचे, बर्फ धरला की साखळीने वर काढायचे, साध्या पाण्यात बुचकळून लादी मोकळी करायची आणि भुशात लोळवून गोणपाटाखाली लोटायची, यात त्यांचा जन्म गेला होता. एकदा अमोनियाची नळी फुटली. सगळे बाहेर पळाले आणि बाबा उलटे आत गेले, व्हॉल्व्ह बंद करायला. व्हॉल्व्ह बंद झाला, पण त्याबरोबर बाबांची छातीही बंद पडल्यासारखी झाली. चार पावलं चालले की भिंतीला हात. मालक माणूस वाईट नव्हता. घरातल्या एकाला घेतो म्हणाला. मुलगा फौजेत होता, मग मुलगी गेली. कॉम्प्रेसरच्या धडधडीत एकमेकांना हाक ऐकू जायची तर बेंबीच्या देठापासून ओरडावं लागे. ती सवय तिला अशी लागली की घरी मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटे, भांडण लागलं.

मग दादा परत आला.

दादा धडधाकट परत आला, हीच तर पंचाईत. हात जागेवर, पाय जागेवर, अंगावर साधा ओरखडा नाही. लोक भेटायला आले, पाठ थोपटून गेले. दोन-तीन महिन्यांत गल्लीच्या लक्षात आलं की हा दाराकडे पाठ करून कधी बसत नाही. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत पोतं अंथरून तो दिवस काढायचा. आईच्या हातून झाकण पडलं की उभा राहायचा, आणि मग बराच वेळ उभाच. वहिनीने वर्षभर कळ काढली आणि माहेरी निघून गेली. जाताना ती आईला म्हणाली, मी मारही खाल्ला असता हो, पण हे मारतही नाहीत, बोलतही नाहीत. आईने तिला अडवलं नाही.

अशात मालकाने सगळ्यांना भुशाच्या ढिगापाशी बोलावलं आणि कारखाना बंद करत असल्याचं सांगितलं. आता जो तो आपापलं बर्फाचं मशीन बसवतो, लादी कुणाला हवी. क्रेनवाले काका मुलीकडे राहायला जाणार होते. बाकीचे इकडेतिकडे पांगले. लादी पंधरवडाभर वणवण फिरली. गोदामात गेली तर म्हणाले, ओझी उचलायला पुरुष आहेत. कपड्यांच्या दुकानात गेली तर तिथल्या बाईने तिचे हात पाहिले, लाद्या ओढायच्या आकड्याने पडलेले घट्टे पाहिले, आणि गोड हसून नंतर कळवतो म्हणाली. आई दवाखान्याच्या चादरी धुवायची, त्यावर चार तोंडं चालणार नव्हती. दोनदा तर आईने, मला भूक नाही, असं म्हणून भांडी आवरली. लादीला ते खोटं कळत होतं आणि ती मुकाट्याने जेवत होती, कारण न जेवून तरी काय होणार होतं.

फौजेत मुलींची भरती निघाल्याची बातमी गल्लीतल्या शिंपीकाकांच्या मुलीने आणली. वयाच्या अटीत लादी यंदाच बसत होती. पुढच्या वर्षी दार बंद. घरात न सांगता ती पळायला जाऊ लागली. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? बुटांना लागलेला मैदानाचा लाल चिखल आईने पाहिला आणि बूट पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले.

"एक दिला होता," आई म्हणाली. "परत आला खरा. पण कोण आलाय, ते मला अजून कळलेलं नाही."

लादीने विचारलं, मग खायचं काय? आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत. फरक एवढाच की इथे आईला जेवू घालायचं होतं आणि बापाला काहीच म्हणायचं नव्हतं. बाबा या विषयावर तोंड उघडत नसत. दादाला सायकलवर डबलसीट बसवून भरतीला त्यांनीच नेलं होतं. त्या वेळी दादा नको म्हणत होता. त्याला सुतारकाम शिकायचं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलून दाखवत नव्हतं. जाऊ का, असं लादीने बाबांना सरळ विचारलं, तेव्हा ते खोकत खोकत अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

भरतीच्या दिवशी ती ओले बूट घालून गेली आणि पळाली. बर्फ ओढलेल्या पायांना मैदान म्हणजे काय. वजन उचलायला लावलं, तिने उचललं. छाती तपासली, डोळे तपासले. तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी तिचा दंड दाबून पाहिला आणि घरी काय खातेस म्हणून विचारलं. लादी म्हणाली, मिळेल ते. बाई हसल्या. निवड झाली. सोमवारी सकाळी छावणीच्या दाराशी पिशवी घेऊन हजर राहायचं, असं सांगण्यात आलं.

घरी परतताना तिला आनंद झाला होता, हे खोटं नाही. कितीतरी दिवसांनी कोणीतरी तिला हो म्हटलं होतं. पण गल्लीच्या तोंडाशी आल्यावर पाय जड झाले. ती सायकलवाल्याच्या ओट्यावर बसून राहिली. तो हवा भरत होता. काय गं, रडतेस का, म्हणाला. ती म्हणाली, नाही, घाम आहे. त्याने पुढे विचारलं नाही.

रविवारी दुपारी आई चादरी पोचवायला गेली होती आणि बाबांचा डोळा लागला होता. दादा सांदीत बसला होता. लादी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. त्याच्याशी बोलताना आपला आवाज दाबायला ती एव्हाना शिकली होती. तिने सांगितलं, माझी निवड झालीय, उद्या जायचंय, जाऊ का ते तू सांग. दुसरं कोणी सांगत नाही.

दादा अंथरलेल्या पोत्याचे धागे उपसत राहिला. ती उठायला लागली. तेवढ्यात तो म्हणाला, "जा."

तिला वाटलं होतं तो नको म्हणेल. मनातून तिला तेच हवं होतं, म्हणजे सगळा भार त्याच्यावर टाकता आला असता.

"तिथे झोप लागते," दादा म्हणाला. "कधी उठायचं, कुठे उभं राहायचं, सगळं कोणीतरी सांगतं. इथे कोणी काही सांगत नाही."

मग, कोणी न विचारता, त्याने सांगायला सुरुवात केली. रस्त्यावर आडवा बांबू टाकून ते पहाऱ्यावर उभे होते. येणाऱ्याला लांबूनच थांबवायचं असा हुकूम होता. आदल्या दिवशी शेजारच्या चौकीवर स्फोट होऊन त्यांच्या तुकडीतले दोघे गेले होते, त्यामुळे सगळ्यांचा थरकाप उडालेला. सकाळी एक माणूस डोक्यावर मोठं काहीतरी घेऊन चालत आला. दादाने थांब म्हणून हाक मारली. पुन्हा मारली. माणूस येतच राहिला. मग दादाने गोळी झाडली.

"काय होतं डोक्यावर?" लादीने विचारलं.

"गादी. साधी कापसाची गादी. घर बदलत होता बहुतेक. गादी दोन्ही बाजूंनी कानांवर आली होती ना. त्याला ऐकूच आलं नसणार."

तिने विचारलं, मग तुला शिक्षा झाली का? दादाने नाही म्हणून मान हलवली. साहेब चांगले होते. त्यांनी चहा पाजला, नियमाने वागलास म्हणाले. त्याच संध्याकाळी तो पुन्हा पहाऱ्यावर होता. कोणी एक शब्द वाकडा बोललं नाही.

"कोणीतरी बोलायला हवं होतं," दादा म्हणाला. आणि मग, अगदी सरळपणे, "तू जा. तुझा आवाज मोठा आहे. तुझी हाक ऐकू आली असती."

हे तो मनापासून म्हणत होता. लादीला तिथून पळून जावंसं वाटलं आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. ती नुसती बसून राहिली. बाबा जागे झालेले तिला दिसले. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, पण पाठ हलत होती. त्यांनी किती ऐकलं, ते तिने कधी विचारलं नाही.

संध्याकाळी आई आली आणि पिशवी भरायला बसली. दोन जोड कपडे, टॉवेल, तेलाची बाटली. लादी म्हणाली, तूच नको म्हणत होतीस ना? आई कपड्याची घडी नीट करत म्हणाली, "नको मीच म्हणाले, आता जा पण मीच म्हणते. काहीही झालं तरी दोष माझ्याकडे राहू दे. तुझ्या बापाने एकट्याने उचलला आणि बघ कसा झालाय."

सकाळी ती निघाली तेव्हा कोणी दारापर्यंत आलं नाही. छावणीच्या दाराशी मुलींची रांग लागली होती. शिंपीकाकांच्या मुलीने नवे बूट घातले होते आणि ती सारखी खाली बघत होती. दाराशी टेबलामागे एक जाडजूड सुभेदार बसला होता. माणूस हसतमुख, प्रत्येकीला का आलीस म्हणून विचारायचा आणि आत सोडायचा. कोणी देशासाठी म्हणत होती, कोणी वर्दीसाठी. लादीची पाळी आली.

"काम नाही म्हणून," ती म्हणाली.

सुभेदार मोकळेपणाने हसला. "चला, एक तरी खरं बोलली. जा आत."

ती हलली नाही. तिने विचारलं, "साहेब, थांब म्हटल्यावर एखादा थांबला नाही तर काय करायचं?"

"ते सगळं शिकवतात."

"आणि त्याला ऐकूच आलं नसेल तर?"

सुभेदाराने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. राग आला होता असं नाही. त्यालाही काहीतरी आठवलं असावं, असं लादीला नंतर कितीदा तरी वाटलं. त्याने नजर तिच्या खांद्यावरून मागे नेली आणि म्हणाला, "पुढची."

पुढे जायचं की बाजूला व्हायचं, ते त्या शब्दात नव्हतं. दार उघडंच होतं. मागून शिंपीकाकांच्या मुलीने तिला कोपराने ढोसलं, अगं चल ना. लादी बाजूला झाली.

घरी आली तेव्हा आई चूल पेटवत होती. तिने लादीकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि डाळ निवडायला घेतली. बाबांना त्या दिवशी खोकल्याची अशी उबळ आली की डॉक्टरला बोलवावं लागलं. दादा तेवढा नाराज दिसला. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

पुढचं वर्ष कसं गेलं ते सांगण्यासारखं नाही. आधी वहिनीचं शिलाई मशीन विकलं, मग बाबांची सायकल. शेवटी ट्रक अड्ड्यावर माल उतरवणारा एक माणूस आजारी पडला म्हणून लादीला घेतलं. तो बरा होऊन आला, तरी तिला काढलं नाही. ती दादालाही ओढून नेऊ लागली. काही दिवस तो चांगला खपायचा, तिच्यापेक्षा दुप्पट माल उतरवायचा. मग एखाद्या ट्रकचं टायर फुटायचं आणि तो चाकांच्या मध्ये पालथा पडलेला असायचा. तेव्हा लादी काम टाकून खाली सरपटत जायची आणि त्याच्याशेजारी पालथी पडून राहायची. मुकादम शिव्या द्यायचा. हमाल चहा घ्यायला निघून जायचे. दादा बाहेर यायचा तो आपल्या वेळेने.

एकदा ट्रकखालीच तो तिला म्हणाला, त्या माणसाचं घर शोधायला पाहिजे. ती म्हणाली, शोधू. कसं आणि कुठे, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

शिंपीकाकांची मुलगी सुट्टीवर आली तेव्हा मुद्दाम भेटायला आली. अंग भरलं होतं, केस कापले होते, आईवडिलांना तिने पक्क्या भिंतींचं घर घेऊन दिलं होतं. लादीने तिला सगळं विचारलं, जेवण कसं, झोप लागते का, साहेब कसे. ती हसत हसत सांगत होती. तिच्या वाट्याला अजून तरी दादासारखं काही आलं नव्हतं. ती गेल्यावर लादी मोरीत गेली, नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाखाली रडली. आपण चुकलो का, हे तिला त्या दिवशी कळत नव्हतं आणि आजही कळत नाही. विचारणाऱ्याला ती तसंच सांगते. मग पदर खोचते, दादाला हाक मारते, आणि दोघं अड्ड्याकडे निघतात. दादा रस्त्याच्या कडेने, भिंतीला धरून चालतो. ती रस्त्याच्या बाजूने चालते.