नवरदेवाला लाजणारी गाडी

वडगाव निंबाळकरला माझ्या मेहुण्यांनी नवं घर बांधलं, त्याची वास्तुशांत होती. मेहुणे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही म्हणतो. जेवणं उरकली, पानाचं तबक फिरलं आणि कुणीतरी म्हणालं, "आबा, ती दाजींच्या गाडीची सांगा की."

दाजी म्हणजे मी. गाडी म्हणजे नव्वद सालानंतर मी घेतलेली पांढरी, सेकंडहँड गाडी. आबांनी नेहमीसारखी सांगितली: दाजींची गाडी एरवी पळायची, पण नवरदेव दिसला की बंद पडायची. लाजायची. आणि शेवट नेहमीचाच: "मी हुतो म्हणून भाचीला त्या गाडीत बसू दिली न्हाय. न्हायतर पोरगी लग्नाच्या दिवशी निमगाव केतकीच्या रानात ऊन खात बसली असती!" मांडवभर हशा. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. इतकी वर्षं हसतोय, सवय झाली आहे.

आता माझं वय झालं, आबांचं माझ्याहून जास्त. म्हणून एकदा लिहून टाकतो. ती गाडी कधीही बंद पडली नाही. एकदा लासुर्ण्याजवळ पंक्चर झाली आणि एकदा फॅनबेल्ट तुटला, पण तेवढं कुठल्याही गाडीला माफ असतं. बाकी जेव्हा जेव्हा ती बंद पडली, तेव्हा ती मी पाडली.

मी तेव्हा भवानीनगरला साखर कारखान्याच्या ऑफिसात होतो, राहायला वसाहतीतच. गाडी बारामतीच्या एका डॉक्टरांकडून घेतली. गिअर स्टिअरिंगपाशी, मागची सीट दिवाणासारखी. वसाहतीत साहेब लोकांच्या जीपा सोडल्या तर ही एकटीच. आमची मुलगी तेव्हा शाळेत होती. गाडी आली त्या दिवशी ती मागच्या सीटवर आडवी झाली आणि म्हणाली, "आप्पा, मी लग्न झाल्यावर सासरी ह्याच गाडीतनं जाणार." आम्ही हसलो. तिनं मात्र हे पुढं दर दसऱ्याला, गाडीला हार घालताना ऐकवलं.

आमच्या भागात एकाची गाडी म्हणजे भावकीची गाडी. लग्नसराई लागली की नवरदेवाला गाडी लागते, आणि ती मागायला येणाऱ्याला 'नाही' म्हणायची रीत नाही. 'नाही' म्हटलं तर पुढच्या दोन पिढ्या पंगतीत मीठसुद्धा वाढत नाहीत. पहिल्या वर्षी मी खुशीनं दिली. गाडी परत यायची ती टाकीचा तळ दाखवत. काचेवर चिकटपट्टीचे डाग, दारावर हळदीचे पंजे. करवल्या पुढच्या सीटवर चौघी बसायच्या, त्यामुळे गिअरचा दांडा एका बाजूला झुकला होता. आणि अक्षता! आमच्याकडं त्या रंगवलेल्या ज्वारीच्या. त्या सीटच्या फटीत, पायाखालच्या मॅटखाली, कुठं कुठं जाऊन बसायच्या. पावसाळ्यात दारातनं थोडं पाणी झिरपलं आणि एक दिवस बायकोनं हाक मारली, "अहो, या जरा. तुमच्या गाडीला ज्वारी आलीय." खरंच, मॅटच्या कडेनं हिरवे कोंब वर आले होते. शेजारी विचारू लागले, खुरपणी कधी करताय.

त्या दिवशी मी ठरवलं, आता नाही. पण 'नाही' म्हणायची छाती नव्हती. मग मला डॉक्टरांनी दिलेला एक सल्ला आठवला. गाडी परगावी रस्त्यावर उभी करायची वेळ आली तर चोरीच्या भीतीनं ते बॉनेट उघडून एक काळी टोपी काढायचे आणि तिच्याखालचा अंगठ्याएवढा तपकिरी तुकडा खिशात टाकायचे. त्याला रोटर म्हणतात. तो नसला की सेल मारल्यावर गाडी नुसती कण्हते, चालू होत नाही. आणि वरून बघणाऱ्याला काही कमी दिसत नाही.

चोरासाठी केलेली ही युक्ती पहिल्यांदा मी वापरली ती आबांवर.

त्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं. आबा आदल्या दिवशीच मोटरसायकलवर आले, पांढरंशुभ्र धोतर, खांद्यावर नवा टॉवेल.

"दाजी, उंद्या नवरदेव तुमच्या गाडीत बसनार. मुक्कामाला मी हितंच ऱ्हातो, सकाळी संगंच निघू."

"गाडी तुमचीच आहे, आबा," मी म्हणालो. सकाळी मी त्यांच्या आधी उठलो होतो. खिशात रोटर होता.

सेल मारला. गाडी कण्हली. परत मारला. परत कण्हली. आबांनी धोतर खोचलं आणि ढकलायला लागले. वसाहतीतले आठदहा जण धावले. आम्ही ती गाडी कारखान्याच्या गेटापर्यंत ढकलत नेली आणि तिथून परत दारात आणली. मी स्टिअरिंग धरून आत बसलो होतो. घामानं थबथबलेले आबा खिडकीशी आले. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दाजी, तुमी वाईट वाटून घिऊ नगा. त्या डॉक्टरनं फसवलं तुमाला."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा मुलगा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत खुर्ची बांधून बोहल्याला गेला. फेटा सांभाळायला दोन माणसं दोन्ही बाजूंनी उभी. आणि लग्नाच्या गडबडीतून मोकळे झाल्याबरोबर आबा आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला मोटरसायकलवर मागं बसवून, बारामती ओलांडून माझ्या दारात हजर! मी लांबून मोटरसायकल ओळखली आणि रोटर जागेवर बसवला. मेकॅनिकनं सेल मारला. गाडी पहिल्या झटक्याला चालू.

मेकॅनिकनं आबांकडं बघितलं. आबांनी गाडीकडं बघितलं.

"आरं, त्या दिवशी गेटापातुर ढकलली मी हिला!"

"आता चालू हाय, आबा. चालू गाडीला मी काय करू?"

असं आणखी दोनतीन लग्नांत झालं. चुलतभावाच्या मुलाच्या वेळी, मग वसाहतीतल्या एका मित्राच्या भाच्याच्या वेळी. नवरदेव आला की बंद, मेकॅनिक आला की चालू. मग लोकांनीच निदान केलं: गाडी नवरदेवाला लाजते. काहींचं मत पडलं की गाडीला लग्नच चालत नाही. आबांनी तर दसऱ्याला येऊन चाकापुढं नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली आणि बॉनेटवर हात ठेवून तिला म्हणाले, "बाई, आता घरची लगीनं हायती. अशी करू नगंस." मी शेजारी हात जोडून उभा. माझ्यासारखा भाविक त्या दिवशी तालुक्यात दुसरा नसेल.

गाडी मागायला येणं बंद झालं. माझी गाडी चकाचक राहू लागली. तिची बदनामी झाली होती, पण गाडीला कुठं कान असतात, असं मी स्वतःला समजावलं.

दशक संपत आलं तेव्हा मुलीचं लग्न ठरलं. मुलगा इंदापूरचा, लोणी देवकरच्या एका कारखान्यात नोकरीला. लग्न भवानीनगरला, वसाहतीच्या मैदानात मांडव. मी गाडीला नवे टायर घातले, पॉलिश केलं. लग्नाच्या सकाळी झेंडूच्या माळा मुलीनं स्वतः ओवल्या आणि हळदीच्या हातानं बॉनेटला बांधल्या. तिच्या हळदीचे पंजे दारावर उमटले, ते मात्र मी पुसले नाहीत.

पाठवणीची वेळ झाली. मी गाडी मांडवाच्या तोंडाशी लावली. मुलगी रडत रडत दारापर्यंत आली. तिनं दाराच्या कडीला हात घातला तेवढ्यात तिचे मामा, म्हणजे आबा, आडवे आले.

"दाजी, हे काय? ह्या गाडीत?"

"आबा, चांगली आहे आता. बघा." मी सेल मारला. इंजिन शिवणयंत्रासारखं चालू झालं.

"आत्ता हुतीया चालू. नवरदेव बसला की काय करती, ठाव हाय न्हवं सगळ्यास्नी?"

मांडवातनं हशा आला. मागून कुणीतरी ओरडलं, "दाजी, ढकलायला मान्सं संगं घ्या!" वरबाप बावरून माझ्याकडं बघत होते. कुणीतरी त्यांना सगळा इतिहास सांगत होतं.

"मी जीप सांगून ठिवलीया," आबा हलक्या आवाजात मला म्हणाले. "तुमचा मान मोडत न्हाय मी. पर पोरीचा पयला दिवस हाय."

मला एक वाक्य बोलायचं होतं. 'आबा, गाडी चांगली आहे, मी रोटर काढत होतो.' एवढंच. पण समोर चुलतभाऊ उभा होता, त्याचा मुलगा उभा होता, वसाहतीतला मित्र उभा होता. ट्रॉलीतल्या खुर्चीवर बसून लग्नाला गेलेला आबांचा थोरला मुलगा माझ्या मुलीची बॅग धरून उभा होता. मुलीनं माझ्याकडं बघितलं. कडीवरचा हात अजून तिनं काढला नव्हता. मी 'बस' म्हणालो असतो तर ती बसली असती.

मी म्हणालो, "मामा म्हणतात ते बरोबर आहे, बाळा."

ती जीपमध्ये बसली. माझ्या गाडीत रुखवत भरलं: तांब्याची घागर, ताटांचा संच, तिनं विणलेला टेबलक्लॉथ, लाडवांचे डबे. माझ्या शेजारी आबा बसले. त्यांच्या मांडीवर सोल होता, म्हणजे गाडी ओढायला लागते तसला जाड दोर, आणि पायाशी रेडिएटरसाठी पाण्याचा कॅन. बेलवाडी गेली, लासुर्णे गेलं, निमगाव केतकी गेलं. जीपच्या मागच्या फडक्याच्या फटीतून मुलीचा शालू दिसत होता. गाडी एकदाही कुरकुरली नाही. प्रत्येक चढाला आबा दोर घट्ट धरायचे, आणि चढ संपला की सोडायचे.

परतताना ते समाधानानं म्हणाले, "आज बरी चालली."

"हो."

"नवरदेव न्हवता ना आत."

घरी आल्यावर मी शर्ट काढून खुंटीला लावला. बायकोनं तो हातात घेतला, मी रोटर ठेवायचो तो वरचा खिसा उलटा करून बघितला. "आज खिसा काळा नाही झाला तुमचा," ती म्हणाली, आणि शर्ट धुवायला टाकला. म्हणजे तिला सगळं माहीत होतं. सख्ख्या भाच्याचं लग्न, सख्खा भाऊ ढकलतोय, आणि ती दारात उभी राहून बघत होती. का गप्प बसलीस, हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही. पुढं गाडी विकली, तीही दुसऱ्या तालुक्यात, जिथं तिची कीर्ती पोचली नव्हती.

इथवर लिहून मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय वाचून दाखवता? आबाला दाखवा."

माझी खरी अडचण हीच होती. खरं सांगितलं तर माझं ओझं उतरेल, पण आबांची गोष्ट जाईल. भाचीची अब्रू राखली, हे त्यांच्या आयुष्यातलं एक चांगलं काम आहे, आणि ते इतकी वर्षं ते सांगत आलेत. ते मी कसं काढून घेऊ? तरीही परवा आम्ही वडगावला गेलो. आबांना आता नीट दिसत नाही. मी ही पानं मोठ्यानं वाचली. ते बाजेवर बसून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला.

मग म्हणाले, "म्हंजी नारळ फुकाट गेला."

"हो, आबा."

"आन गेटापातुर मी ढकलली, तवा तुमी आत बसला हुता."

"हो."

"ब्रेकवर पाय तरी न्हवता ना?"

"नाही, आबा. तेवढं नाही केलं."

"उपकार झालं." ते जरा हसले. "दाजी, माझ्या पोराचं जाऊ द्या. त्याला ट्रॉलीत लई मजा आली, आजून सांगतो. पर भाचीला मी उतरवली वो. तिचा हात कडीवर हुता. मी बघितला हुता." त्यांनी टॉवेलनं डोळे पुसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमी एक शब्द बोलला असता तर मी सोता दार उघडून दिलं असतं. गाडी चालू हुती, दाजी. बंद पडला तुमी."

मी पानांची घडी घातली.

"तिला सांगितलं का?"

"नाही."

"मंग हितं काय वाचत बसलाय? लावा फोन."

बायकोनं फोन लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडं मुलगी "हॅलो, आप्पा" म्हणाली आणि पानं माझ्या हातातच राहिली. मांडवात जे बोलायचं राहिलं होतं तेच तोंडातून आलं.

"बाळा, गाडी चांगली होती. बस तू."

"आप्पा? कुठली गाडी? ती विकून किती वर्षं झाली!"

मी काही बोलायच्या आत आबा बाजेवरून फोनच्या दिशेनं ओरडले, "बसू नगंस गं, पोरी! बाप मधीच बंद पडतूय!"