आठव्या माळेची फुले

वीस वर्षे मी एक आशीर्वाद चोरून वापरला. आता केस पिकू लागले आहेत, अकोल्याच्या शाळेत मुले मला गुरुजी म्हणतात. तरी नवरात्राची आठवी माळ आली की माझे हात गार पडतात. हे कुणालाच सांगितले नव्हते. स्वभावच तसा. आज लिहून टाकतो.

तेल्हाऱ्याहून अमरावतीला कॉलेजात आलो, तेव्हा राजापेठेच्या कडेला एका माळ्याच्या मळ्यात मला खोली मिळाली. पहाटे फुले तोडायची, माळा ओवायच्या, त्याबद्दल राहणे आणि दोन वेळची भाकर. दुपारी कॉलेज, संध्याकाळ मित्रांची. एका दिवसात मी तीन दिवस बसवू पाहत होतो. ओवताना मांडीवर पुस्तक, वर्गात डुलक्या, मित्रांत बसलो की उद्याच्या फुलांची काळजी. जिथे असायचो तिथे पुरता कधीच नसायचो. माळीणमावशी हसायची, "काहून रे बापू, कालेजात झोपाच शिकवतेत का तुले?"

त्या वर्षी तिची लेक गोदा धामणगावला सासरी होती, दिवस भरलेले. आधीची दोन मुले पोटातच गेलेली, त्यामुळे प्रवास नको म्हणून तिला माहेरी आणली नव्हती. मावशीने अंबादेवीला नवस बोलला. नऊही दिवस माळ घरच्या हाताने ओवायची, आणि फुले त्याच पहाटे, ऊन लागण्याआधी तोडलेली. अन् नेमके तिच्या बोटाला नखुर्डे झाले, सुई धरवेना. ती म्हणाली, "तू ओव. तू घरचाच हायेस."

सात माळा झाल्या. सातव्या दिवशी मित्रांनी टूम काढली, उद्या पहाटे वडाळीच्या तलावावर पोहायला जायचे. "येतोस, का माळीणबाईले विचारून सांगतोस?" असे एकाने डिवचले. मी त्याच संध्याकाळी टोपलीतली उरलेली शेवंती ओवली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि आपण सगळे जमवले म्हणून खूश झालो. पहाटे मनसोक्त पोहलो. परतल्यावर माळेवर पाण्याचे शिंतोडे मारले. मावशीने माझ्याकडे पाहिले, मळ्याकडे पाहिले. मग ओटी उचलून चालू लागली.

देवळाशी ती ओटी घेऊन बायकांच्या रांगेत पुढे गेली. मी माळ घेऊन मागे. पायऱ्यांवर माळ तुटली. ओवायला केळीचा वाख, म्हणजे सोपटाचा धागा असतो; रात्रीतून फडके सुकले आणि तोही वाळून काडीसारखा झाला होता. कोमेजलेली शेवंती पायरीवरून घरंगळत गेली आणि माझ्या डोळ्यांसमोर गोदा आली.

पायरीवर सीताफळांची टोपली घेऊन एक बाई बसली होती. म्हणाली, "तुटली? बरं झालं. बस खाली." तिने फळांवरची पाने बाजूला सारली. खाली शेवंती होती, पांढरी, दवाने भिजलेली. ऊन चांगले चढले होते, तरी ती फुले हाताला विहिरीच्या पाण्यासारखी गार लागली. वाख तिने दिला, सुईही. मी भराभर ओवू लागलो, तशी म्हणाली, "घाई कोनाले हाय? तुले, का देवीले?"

मग काय झाले ते मला नीट सांगता येत नाही. घंटा दूर गेल्या. गर्दी पाण्याखालून दिसावी तशी हलत होती. एक फूल, एक श्वास. पुस्तक नाही, मित्र नाहीत, मीसुद्धा फारसा नव्हतो. माळ पुरी झाली. सुई परत द्यायला मान वर केली, तर पायरी रिकामी होती. माळ मी मावशीच्या हाती दिली. ती बराच वेळ तिच्यावरून बोटे फिरवत राहिली.

दसऱ्याला धामणगावहून निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. मावशीने माझे हात कपाळाला लावले. "तुह्या हाताले यश हाय, बापू." मी तो आशीर्वाद घेतला, माळेचे खरे सांगितले नाही. पुढे परीक्षेत, नोकरीत, जिथे जिथे यश आले तिथे तिथे ते वाक्य टोचले.

यंदा नवरात्रात अमरावतीला गेलो. मावशी आता खाटेवरच असते. तिच्या पायाशी बसून सगळे सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "तवाच मालूम होतं मले. झाडं फुलानं भरलेली दिसली की. माळीन हावो मी."

"मग बोलली का नाहीस?"

"देवीलेच सांगाले निघाली होती. रांगेत हात जोडले, अन् तोंडातून निंगालं, 'माय, माह्यं पोरगं थकलं हाय, त्याच्याकडं पाहा.' गोदीचं नाव घ्याचं राहूनच गेलं पाहा!" आणि पदराआड तोंड करून ती हसली.

मी तिला त्या बाईबद्दल विचारले नाही. ज्या घडीला तिच्या लेकीचा जीव पणाला लागला होता, त्या घडीला तिने माझे नाव घेतले, एवढे मला पुरे आहे. सगळे आपल्या हातांनी पेलायचा माझा हट्ट आता सैल झाला आहे. पहाटे शाळेआधी एक माळ ओवतो. मांडीवर पुस्तक नसते. जेवढी होते तेवढी होते, उरलेले देवीकडे.