शंकररावांच्या उरलेल्या वायरी

माझ्या सासऱ्यांना, शंकररावांना, बंद डबा बघवत नाही. घरात नवी वस्तू आली की आधी ते तिचे स्क्रू मोजतात. अंबरनाथच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं वायरमन होते. तिथे उघडझाप करायचा पगार मिळायचा. आता खरवईच्या फ्लॅटमध्ये तेच काम फुकट चालतं. सासूबाईंचा मिक्सर दोनदा उघडला, तोही धडधाकट. "चालतो कसा ते बघायला नको? उघडल्याशिवाय कळत नाही." हौसेला मोल नसतं म्हणतात, पण मला त्यांच्या हौसेचा रागच यायचा.

मंगळवारी माझा लॅपटॉप कायमचा बंद पडला आणि नवा डेस्कटॉप जोडायचं काम बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनीच, मागून घेतलं. मुलगी झाल्यावर मी नोकरी सोडली होती. चार वर्षांनी एक कंपनी घरबसल्या ड्रॉइंगचं काम द्यायला तयार झाली होती. अट एकच, रविवारी संध्याकाळी पाचच्या आत नमुन्याचं एक ड्रॉइंग पाठवायचं. ते पेनड्राइव्हमध्ये तयार होतं. फक्त उघडायला मशीन नव्हतं.

उल्हासनगरच्या हितेशच्या दुकानातून सुटे भाग आले. रविवारी सकाळी बाबांनी जेवणाच्या टेबलावर सगळं मांडलं आणि दुपारी दोनला बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले. मॉनिटरवर मात्र 'नो सिग्नल'.

"गंमत आहे," बाबा म्हणाले.

मला रडू फुटत होतं आणि यांना गंमत!

त्यांनी रॅम काढली, पुसली, कट्ट वाजेपर्यंत दाबून परत बसवली. मॉनिटरची केबल बदलून पाहिली. बटणाच्या मुंगीएवढ्या पिना पुन्हा लावल्या. मी टॉर्च धरून उभी. साडेतीनला मी हितेशला फोन लावला. तो लग्नात होता.

"भाभी, पंखा फिरतोय ना? मग कहीं कनेक्शन छूटा है. कल लेके आओ, देखता हूँ."

उद्या नेऊन मी काय करणार होते?

मी पुन्हा टॉर्च मारला. प्रोसेसरच्या पंख्यामागे, पार कोपऱ्यात, आठ भोकांची एक रिकामी जागा दिसली.

"बाबा, इथे काही लागत नाही का?"

"त्याची वायर कुठाय पण?"

वायर होती. कारखान्यात त्यांचा नियम होता, सुटी वायर उघडी लोंबू द्यायची नाही. टेप गुंडाळायची आणि बांधून टाकायची. त्याच शिस्तीत पॉवर सप्लायच्या चार उरलेल्या वायरी त्यांनी कॅबिनेटच्या मागे बांधल्या होत्या.

"त्यातली एखादी असेल," मी भीतभीत म्हटलं.

"त्या जास्तीच्या आहेत, अस्मिता!" त्यांचा आवाज चढला.

लग्नाला नऊ वर्षं झाली, पण वायरिंगमध्ये त्यांची चूक काढायची माझी कधी छाती झाली नव्हती. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"उघडल्याशिवाय कसं कळणार?" मी म्हटलं.

त्यांनी कटर माझ्या हातात दिला. तिसऱ्या टेपखाली आठ पिनांचा प्लग निघाला. त्यावर बारीक अक्षरांत 'सीपीयू' छापलेलं होतं. बाबांचा चेहरा पडला.

"म्हणजे मीच करंट बांधून ठेवलेला," ते म्हणाले.

प्लग बसवला, बटण दाबलं आणि स्क्रीन उजळला. जरुरीपुरतं सॉफ्टवेअर टाकून मी ड्रॉइंग उघडलं, तेव्हा पाचला पंधरा मिनिटं होती. बाबा खुर्चीमागून वाकले.

"हे काय काढलंयस?" माझ्या कामाबद्दल त्यांनी पहिल्यांदाच विचारलं.

"पॅनेलचं वायरिंग."

त्यांनी चष्मा लावला. एकेका रेघेवरून बोट फिरवत खालपर्यंत आले आणि थांबले.

"मोटरचं अर्थिंग कुठाय?"

मी बघितलं. खरंच नव्हतं. हेच ड्रॉइंग मी तीनदा तपासलं होतं. घाईघाईने रेघ ओढली आणि पाचला चार मिनिटं कमी असताना पाठवलं.

मशीन दोन वाजता चालू झालं असतं, तर मी ते तसंच पाठवलं असतं.