पट्टीसाठी चौक कापला: बेळगाव ते निपाणी आणि परत

आणि वर बहीण मलाच म्हणती, "जरा बाजूनं कापला तर काय झालं, आक्का?" काय झालं म्हणजे? वाकळीचा, म्हणजे गोधडीचा, मधला चौक आईच्या इरकल लुगड्याच्या पदराचा. आई आता नाही, ते लुगडंही दुसरं नाही. लेकीच्या बाळासाठी मी तो चौक करून माझ्या धाकट्या बहिणीकडं, शोभाकडं, निपाणीला पाठवला. तिनं भोवतीनं तिच्या जुन्या साड्यांच्या तुकड्यांची पट्टी जोडायची, शेवटची पट्टी माझी. एवढंच काम. तीच वाकळ आणायला मंगळवारी निघाले.

तुम्ही जाणार असाल तर सांगते. बेळगावातनं सकाळीच निघा. आधार कार्ड हातात ठेवा. कंडक्टर "आधार तोरिसरी अक्का" म्हणाला की दाखवायचं, कर्नाटकातल्या बायकांना तिकीट फुकट. म्हणून गर्दीही तशीच. काकतीपर्यंत मी उभीच. पुढं हायवेचं काम चाललंय, खिडकीतनं धूळ आत येती, तोंडाला पदर लावा. संकेश्वरला गाडी थांबली तर चहा घ्या, पण साखर कमी सांगा, नाहीतर पाकच पाजतात. निपाणी आली हे नाकालाच कळतं. तंबाखूचा वास. स्टँडजवळ कटवडा मिळतो. कट झणझणीत, वडा गार. मी तसं तोंडावर सांगितलं, तर दुसरा गरम दिला.

शोभानं वाकळ पसरली. मी आधी पट्टी बघितली. लाल-हिरवे तिकोनी तुकडे, टाका आईसारखा बारीक. खोटं कशाला बोलू, झकास. मग नजर मधी गेली. पदरावरच्या पांढऱ्या रेघा दोन्ही बाजूंनी तुटलेल्या.

"चौक लहान कसा झाला गं?"

"पट्टी कमी पडली. सगळं उसवत कोण बसणार?"

"मग पट्टीला आणखी एक तुकडा जोडायचा! चौक बघून पट्टी करतात, पट्टी बघून चौक न्हाय. टोपी बसंना म्हणून डोकं तासतीस व्हय?"

तिचे मालक पेपरातनं म्हणाले, "आक्का, एवढासा तर तुकडा. बाळ काय टेप घेऊन मोजणार हाय?"

"पाव्हणं, तुमच्या मिशीची एक बाजू कापू काय? तीबी एवढीशीच हाय."

पेपर वर गेला, पुन्हा खाली आला नाही.

"कापलेलं कुठं हाय?" मी विचारलं.

"असंल कुठंतरी," म्हणत शोभा आत गेली. जेवायला आमटी-भात, लोणचं, सगळं केलं, पण पुन्हा त्याचं नाव नाही. मी चार वेळा विचारलं. चारी वेळा भात वाढला.

स्टँडवर सोडायला आली. मी चढले, तिनं खिडकीतनं वाकळीची पिशवी दिली आणि गाडी हलल्यावर म्हणती, "लुगडं तुझ्याकडं, आईचा डबा तुझ्याकडं, जातं तुझ्याकडं. माझ्याकडं काय हाय गं आईचं?"

गाडी सुटल्यावर बोलायची ही कुठली रीत? अख्खा रस्ता मी तिला उत्तरं देत आले. शेजारची बाई उठून मागं जाऊन बसली.

निपाणीला जाऊन या. रस्ता बरा नाही, माणसं बरी आहेत, बहिणीचं मी काही सांगत नाही.

आता घरी माझी पट्टी जोडून झाली. चार कोपरे मोकळे ठेवलेत. शोभा, तू हे ऐकतीस मला ठाऊक हाय, तुझी सून तुला वाचून दाखवती. मागायचं होतं तर मागायचं होतंस. मी काय न्हाय म्हटलं असतं? म्हटलं असतं, पण मग दिलंच असतं. आता ऐक. ते कोपरे मी आईच्या त्याच पदरानं भरणार. त्यापुरते चार तुकडे धाड, बाकीचं तुझ्या पेटीत राहू दे. लेक शुक्रवारी बाळाला घेऊन पुण्याला निघती. तेव्हा गुरुवारी दुपारच्या आत फोन कर आणि तोंडानं सांग, चौकाचं कापलेलं तू ठेवलंस का फेकलंस?