तुझी आवाज

झाशीहून पुण्याला निघाले तेव्हा आई प्लॅटफॉर्मवरून खिडकीत वाकून काहीतरी सांगत होती. एसी डब्याची जाड काच, आत काही ऐकू येईना. शेवटी तिनं फोन लावला. समोरासमोर असून आम्ही फोनवर बोललो. गाडी हलली तशी ती म्हणाली, "अगं, तुझी आवाज नाही येत. जरा जोरसे बोल ना." शेजारी बाबा उभे होते. रेल्वेच्या नोकरीपायी भुसावळहून झाशीत आलेला माणूस. तशातही ते तिला सुधारत होते, हे मला त्यांच्या ओठांवरून कळलं. आवाज तो असतो, ती नाही.

हा वाद आमच्या घरी माझ्या जन्माआधीपासूनचा. आई खंडेराव गेटजवळच्या जुन्या मराठी घरातली, पिढ्यान्पिढ्या झाशीत मुरलेली. तिच्या मराठीत हिंदी कधीच शिरून बसली होती. तुमच्या भुसावळात असेल तो, एवढं बोलून ती पोळ्या लाटायला लागायची. मी अर्थातच आईच्या पार्टीत.

पुण्यात माझ्या "आवाज आली"वर एकदा अख्खं टेबल हसलं. तेव्हापासून मी जीभ सांभाळायला शिकले. झाशीच्या मराठी लोकांनो, तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे तिथंच राहिले त्यांना सांगून पटणार नाही, कारण तुमच्या मराठीला हसायला तिथं आहेच कोण?

नोकरी सांभाळून आम्ही चौघांनी बँड काढला. ड्रीम पॉप, म्हणजे गिटार धुक्यातून आल्यासारखी आणि गाणारीचा, म्हणजे माझा, आवाज मुद्दाम वाद्यांच्या मागे ठेवलेला. पहिला अल्बम सगळा इंग्रजीत. आईनं तो पूर्ण ऐकला आणि म्हणाली, छान आहे, पण ह्यात तू कुठंयस? मी तिला रिव्हर्ब म्हणजे काय, आवाज घुमवून लांबून आल्यासारखा कसा करतात, ते समजावलं. ती नुसती हूं हूं करत राहिली.

दुसऱ्या अल्बमची जुळवाजुळव चालू असताना आई गेली. तापाचं निमित्त झालं. मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. माझ्याकडे तिचा एक व्हॉइस मेसेज उरला. मावशीकडून बरुआसागरहून परतताना, माझ्या तुटक मेसेजांना उत्तर म्हणून बसच्या खडखडाटात बोललेला: "तुझी आवाज कट होतेय गं. पण तू बोल, मी ऐकतेय."

अल्बमचं शेवटचं गाणं मी त्या मेसेजवर बांधलं. आमचा कीबोर्डवाला केतन पक्का पुणेकर. तो म्हणाला, लोकांना वाटेल आपल्याला मराठी येत नाही, तेवढं "तुझी" कापू या. मला फार राग आला. पण म्हटलं, आधी बाबांना ऐकवते. आयुष्यभर तिला सुधारत आलेला माणूस. तेही काप म्हणाले असते तर मी अख्खं गाणंच काढून टाकलं असतं.

दिवाळीत झाशीला गेले. बाबा आता शेजाऱ्यांशी, स्वयंपाकाच्या बाईंशी दिवसभर हिंदीच बोलतात. मराठीला घरात गिऱ्हाईक नाही. त्यांनी हेडफोन चढवला, डोळे मिटले. गाणं संपल्यावर परत लाव म्हणाले. दुसऱ्यांदा ऐकून हेडफोन काढला आणि वायर नीट गुंडाळत बसले.

"केतनला सांग, हात लावायचा नाही," ते म्हणाले. "आवाज ती असते."

मग चहा टाकतो म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मीही आत गेले नाही.

अल्बम निघाला. थोड्या लोकांनी ऐकला, त्यातल्या काहींनी ती चूक दाखवूनही दिली. माझ्यापुरतं घर आता तेवढंच उरलंय, ती चूक. बाबा हल्ली फोनवर मुद्दाम म्हणतात, "तुझी आवाज छान येतेय आज." त्यांना तसंच उत्तर द्यावं असं फार वाटतं. पण इतकी वर्षं सांभाळलेली जीभ आता ऐकत नाही. तोंडातून निघतं, "हो बाबा, तुमचाही."